मायनस २५२१६ का आलं? कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
कॉम्प्युटर सायन्स अभ्यास मंडळातले सर्व सर आणि मॅडम, आणि दरवर्षी एक्सटर्नल म्हणून गावोगावच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायला येणारे सगळेच

स.न.वि.वि.

मी टीवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे. शेवटच्या सेमिस्टरची प्रॅक्टिकल गेल्या आठवड्यात संपली आणि तीन वर्षं जे मनात साठलंय ते आता लिहायला बसलेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, विद्यापीठाचंही नाही, कारण मला कुणा एकाची तक्रार करायची नाहीये, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळतं की थोड्याफार फरकाने तिकडेही हेच चालू आहे.

एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, प्रॅक्टिकलपासून सांगते. मला स्लिप, म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी, आली होती फॅक्टोरियलची, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार करायची, सोपी स्लिप, सगळे म्हणाले नशीबवान आहेस. प्रोग्राम पाठ होताच, टर्बो सी, म्हणजे ज्यात आम्ही सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवतो ते जुनं सॉफ्टवेअर, त्याच्या त्या निळ्या स्क्रीनवर टाइप केला, अल्ट एफ९ दाबलं, एरर नाही, कंट्रोल एफ९ दाबलं, आणि एंटर अ नंबर आल्यावर मी काय मनात आलं माहिती नाही, ८ टाकला. उत्तर आलं मायनस २५२१६. मी घाबरले, हात गार पडले, कारण फॅक्टोरियल मायनस येऊच शकत नाही एवढं तर आठवीच्या मुलालाही कळतं, सगळ्या पॉझिटिव्ह आकड्यांचा गुणाकार आहे. प्रोग्राम दोनदा वाचला, अक्षर न् अक्षर जर्नलसारखं होतं. तेवढ्यात एक्सटर्नल सर मागे येऊन उभे राहिले, स्क्रीनकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं ८ कशाला टाकतेस, ५ टाक." ५ टाकला, १२० आलं, सरांनी सही केली. मार्कही चांगले पडले.

सर चांगले होते, त्यांनी मला वाचवलं असंच तेव्हा वाटलं होतं. त्यांच्यापुढे त्या दिवशी अजून दोन बॅच होत्या, एकेका मशीनवर दोन दोन मुलं होती, आणि मार्कांची शीट त्यांना संध्याकाळच्या आत भरायची होती, त्यांनी करायचं तरी काय. म्हणून म्हणते की दोष त्यांचा नाही. पण त्या दिवशी माझ्यासमोर कॉम्प्युटर सायन्समधला एक खराखुरा प्रश्न येऊन उभा राहिला होता, संपूर्ण एफवायमध्ये एकमेव, आणि परीक्षेने मला शिकवलं की अशा वेळी दुसरा आकडा टाकायचा.

उत्तर मला मिळालं दीड वर्षाने. एसवायला आईने बचत गटातून कर्ज काढून मला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, ४ जीबी रॅमचा, त्याच्यावर विंडोज रडत रडत चालायचं म्हणून एका सीनियर दादाने लिनक्स टाकून दिलं. त्यात जीसीसी होतं, म्हणजे सीचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारा कंपायलर, फुकट. पहिल्या रात्री मी तोच फॅक्टोरियल टाइप केला आणि कंपायलर म्हणाला कॉनिओ डॉट एच नावाची फाइलच नाही. मी दादाला फोन केला की लॅपटॉप बिघडलाय. तो म्हणाला लॅपटॉप बरोबर आहे, कॉनिओ डॉट एच सी भाषेत कधी नव्हतीच, ती जुन्या डॉसच्या कंपायलरवाल्यांनी दिलेली सोय होती. क्लिअरस्क्रीन काढ, गेटसीएच काढ, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिही. मी जे सी म्हणून पाठ केलं होतं त्यातल्या पहिल्या पाच ओळींतल्या तीन सीच्या नव्हत्याच.

सगळं काढलं, रन केलं, ८ टाकला. ४०३२० आलं. बरोबर उत्तर.

मग मी रात्री दोनपर्यंत बसले. टर्बो सी हा १६ बिटच्या जमान्यातला कंपायलर, त्याच्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटचा, म्हणजे १६ बिटचा, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२७६७. ७ चं फॅक्टोरियल ५०४०, मावतं. ८ चं ४०३२०, मावत नाही, मग तो आकडा पलीकडून फिरून येतो, ४०३२० वजा ६५५३६, म्हणजे मायनस २५२१६. कागदावर वजाबाकी करून तोच आकडा आल्यावर मला जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही, दीड वर्षं एखादं कोडं डोक्यात नुसतं पडून असतं आणि एका वजाबाकीत सुटतं. पुढे अजून गंमत, जीसीसीमध्ये इंट चार बाइटचा, म्हणून १२ पर्यंत बरोबर येतं आणि १३ ला १९३२०५३५०४ येतं. हा आकडा मायनस नाही, चांगला भलामोठा आहे, कुणालाही खरा वाटेल. पण शेवटी ४ आहे. १३ च्या फॅक्टोरियलमध्ये ५ ने गुणलंय, १० ने गुणलंय, शेवटी दोन शून्यं असायलाच पाहिजेत, म्हणजे हा आकडा खोटा आहे. हे मी स्वतः शोधून काढलं, कुठल्या जर्नलमध्ये नव्हतं. आणि मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की मी कॉम्प्युटर सायन्स शिकतेय.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा आकड्याचं काय घेऊन बसलीस. ४ जून १९९६ ला युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं, माणसं नव्हती त्यात पण चार सॅटेलाइट होते, आणि साधारण ४० सेकंदांत ते हवेत फुटलं. एक ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये कोंबायचा प्रयत्न झाला आणि तो मावला नाही. तेच ३२७६७. कोड आधीच्या एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता, तिथे तो नीट चालायचा कारण त्या रॉकेटचे आकडे लहान होते. म्हणजे तिकडेही जुन्या रॉकेटच्या आकड्यांना सगळं बरोबर येत होतं, अगदी माझ्या प्रोग्रामला ५ टाकल्यावर आलं तसं. आणि ही गोष्ट नुसती इतिहासातली नाही. ज्या सिस्टिममध्ये वेळ अजून ३२ बिटमध्ये मोजतात त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. तेव्हा नोकरीत कोण असणार आहे? आम्हीच. एखाद्या जुन्या मशीनपुढे आमच्यातलंच कुणीतरी उभं असणार आणि त्याला तीन वर्षांच्या डिग्रीत एकदाही कुणी विचारलेलं नसणार की उत्तर मायनस का आलं.

आता जर्नलबद्दल. एका विषयाचे तीस-चाळीस प्रोग्राम, हाताने लिहायचे, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने फ्लोचार्ट, उजवीकडे कोड, खाली आउटपुट, इंडेक्स, सर्टिफिकेट, सरांची सही, एचओडींची सही, शिक्का. सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर आम्ही रात्र रात्र लिहायचो, एकीने वाचायचं आणि तिघींनी लिहायचं, आणि लिहिताना कुणाचंही लक्ष काय लिहितोय याच्याकडे नसायचं, हात चालू आणि मोबाइलवर गाणी चालू. आमच्या वर्गात बबल सॉर्टचा जो प्रोग्राम सगळ्यांच्या जर्नलमध्ये होता त्यात आतला लूप एकदा जास्त फिरायचा, ॲरेच्या बाहेरचा आकडा वाचायचा. कधी उत्तर बरोबर यायचं, कधी मधेच एक शून्य घुसायचं आणि सगळ्यात मोठा आकडा गायब व्हायचा. आम्हाला सांगितलं होतं की असं झालं तर परत रन करायचं. नंतर मी वरच्या वर्गातल्या ताईची फाइल बघितली, तिच्यातही तोच लूप. तिच्या सीनियरच्याही. तीन वर्षं ती चूक या वहीतून त्या वहीत उतरत गेली आणि प्रत्येक पानावर चेक्ड म्हणून लाल सही.

नाव इनपुट घ्यायला आम्ही सगळे गेट्स हे फंक्शन वापरायचो. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम, ज्याला मॉरिस वर्म म्हणतात, तो हजारो कॉम्प्युटरमध्ये शिरला, आणि त्याच्या आत शिरायच्या वाटांपैकी एक वाट म्हणजे हेच गेट्स, कारण ते येणारा मजकूर किती लांब आहे हे बघतच नाही, जागा संपली तरी लिहीत सुटतं. २०११ च्या सी स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलं. आमच्या जर्नलमध्ये ते अजून आहे, सहीसकट.

आणि आता तर जर्नलमधून काहीच सिद्ध होत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कुठलाही प्रोग्राम दहा सेकंदांत मिळतो, मुलं तो बघून वहीत उतरवतात. प्रोजेक्टचं तर विचारूच नका, लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, रिपोर्ट बाइंडिंगसकट विकत मिळतात हे तुम्हालाही माहिती आहे आणि आम्हालाही. स्लिपा दरवर्षी त्याच म्हणून आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरतात. ज्या मुलाने खरंच काही केलंय आणि ज्याने काहीच नाही केलं ते दोघं तुमच्यासमोर सारखेच दिसतात, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो तर ज्याने खरंच केलंय त्याला.

मला माहितीये की सिलॅबसमध्ये टर्बो सी वापरा असं कुठेही लिहिलेलं नाही. सिलॅबस मी नीट वाचलाय, वाईट नाहीये, कागदावर लिनक्स आहे, डेटा स्ट्रक्चर्स आहेत, टेस्टिंगचं एक युनिटपण आहे. पण कॉलेज शिकवतं परीक्षेपुरतं, आणि परीक्षेत दिलेला प्रोग्राम आठवून टाइप करायचा आणि एक आउटपुट दाखवायचं एवढंच आहे. तासिका तत्त्वावरचे सर चार कॉलेजांत धावपळ करून शिकवतात, त्यांना महिनोन्महिने मानधन मिळत नाही, त्यांनी लॅबमध्ये नवीन काही करून बघावं ही अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू. लॅबमधल्या ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सी चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून आत जुना कॉम्प्युटर उभा करून त्याच्यात तो चालवतात. म्हणजे नवीन मशीनला मेहनत घेऊन जुनं करतात, कारण जर्नलमधला कोड त्याच्यावरच चालतो. परीक्षा बदलली तर हे सगळं आपोआप बदलेल, आणि परीक्षा फक्त तुम्हीच बदलू शकता.

माझं मागणं एकच आहे. आम्हाला परीक्षेत बिघडलेला प्रोग्राम द्या. चालणारा प्रोग्राम पाठ करून लिहा म्हणू नका, न चालणारा द्या आणि म्हणा शोध काय चुकलंय. तीस ओळींचा असू दे, त्यात दोन चुका असू देत, एक कंपायलर सांगतो ती आणि एक कंपायलर सांगत नाही ती. मुलाला एरर वाचता येते का बघा, तो मधे प्रिंटएफ, म्हणजे आकडा स्क्रीनवर दाखवणारी ओळ, टाकून आकडा कुठे बिघडतो ते बघतो का, शून्य टाकून बघतो का, मोठा आकडा टाकून बघतो का. चूक सापडली नाही तरी त्याने कुठे कुठे शोधलं याला मार्क द्या. पुस्तक जवळ ठेवू द्या. इंटरनेट नको असेल तर नका देऊ, लिनक्सवर मॅन कमांडने सगळी माहिती नेटशिवाय मिळते आणि ती वाचता येणं हीच एक मोठी विद्या आहे. जीसीसीला खर्च नाही, माझ्या त्या रडक्या लॅपटॉपवर ते धावतं म्हणजे लॅबच्या कुठल्याही मशीनवर धावेल, फक्त वॉर्निंग दाखवायचा ऑप्शन लावून ठेवा.

जर्नल बंद करा म्हणत नाही. जर्नलमध्ये चाळीस बरोबर प्रोग्राम लिहून घेण्याऐवजी दहा चुका लिहून घ्या. माझ्याकडे अशी वही आहे, एसवायपासूनची, तिच्यात मी तारीख टाकून लिहिलंय की आज काय अडलं, मला काय वाटलं होतं, खरं कारण काय निघालं. सगळ्यात लांब चाललेली एंट्री पाच दिवसांची आहे, लिंक्ड लिस्टमधून नोड डिलीट केल्यावर प्रोग्राम बंद पडायचा त्याची. ही वही कुणाची कॉपी करून लिहिता येत नाही, कारण प्रत्येकाचं अडतं वेगळीकडे, आणि तोंडी परीक्षेत त्या वहीतलं एक पान उघडून विचारलं की दोन मिनिटांत कळतं खरं कोण आणि खोटं कोण.

१९४९ साली केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक नावाचा कॉम्प्युटर चालू केला, आणि त्यांनी पुढे सांगून ठेवलंय की एकदा जिन्यातून जाता जाता त्यांना लख्ख जाणवलं की आता आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. म्हणजे हे काम या विषयात पहिल्या दिवसापासून आहे. मग त्याला आमच्या परीक्षेत एक मार्क का नाही?

ओरलबद्दलही लिहायचंय. मी बारावीपर्यंत गावात शिकले, आधी जिल्हा परिषद आणि मग हायस्कूल, सगळं मराठीतून. ओरलला व्हॉट इज पॉइंटर विचारलं की आम्ही सगळे एकच वाक्य म्हणतो, पॉइंटर इज अ व्हेरिएबल विच स्टोअर्स द ॲड्रेस ऑफ अनदर व्हेरिएबल, एका दमात, श्वास न घेता. त्यातून कुणाला काय कळलंय हे तुम्हाला कळूच शकत नाही. माझ्या शेजारच्या बेंचवरचा एक मुलगा, शेतकऱ्याचा, इंग्रजीत अडखळायचा, सगळ्या ओरलमध्ये काठावर पास. त्याने मला डँगलिंग पॉइंटर समजावून सांगितला होता तो असा, की पॉइंटर म्हणजे सातबारा, जमीन नाही, जमीन कुठे आहे ते सांगणारा कागद. जमीन विकली, फेरफार झाला, पण जुना उतारा तुझ्या खिशात तसाच राहिला, आणि तू तो घेऊन गेलीस त्या रानात नांगर घालायला, तर काय होईल? कधी कुणी नसेल रानात तर नांगरून होईल, कधी मार खाशील. मी म्हटलं मग करायचं काय, तर म्हणाला विकल्या विकल्या उतारा फाडून टाकायचा, मेमरी फ्री केल्या केल्या पॉइंटरमध्ये नल, म्हणजे कुठलाच पत्ता नाही असं, टाकायचं. इतकं स्वच्छ मला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. आणि हेच जर त्याने ओरलला सांगितलं असतं तर? त्याला वाटायचं मराठीत बोललं की मार्क जातात, आणि खरंच एकदा त्याला इंग्लिश प्लीज म्हणून थांबवलं होतं.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही, एरर मेसेज इंग्रजीतच येतात, डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे, ते आम्हाला वाचता आलंच पाहिजे आणि बिघडलेला प्रोग्राम दिलात तर ते रोज वाचावंच लागेल. पण समजलं की नाही हे तपासताना मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या. परीक्षकांना ज्या सूचना जातात त्यात एक ओळ टाका की विद्यार्थी मराठीत उत्तर देऊ शकतो. २०२१ पासून इंजिनीअरिंगला प्रादेशिक भाषांतून शिकायची परवानगी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, दिलीय, मग आमच्या दहा मिनिटांच्या ओरलला काय हरकत आहे.

पहिल्या वर्षी मार्क कमी होतील. केटी, म्हणजे राहिलेले विषय, वाढतील, पालक भांडायला येतील, कॉलेज म्हणतील आमचा रिझल्ट खाली आला. हे सगळं होईल हे मला दिसतंय आणि तरी मी मागतेय, कारण आमच्या वर्गातली मुलं नापास व्हायचं टळलेलं नाहीये, ते फक्त पुढे ढकललं गेलंय. या वर्षी एका कंपनीच्या ऑनलाइन टेस्टला आमच्या कॉलेजातून अकरा जण बसलो, त्यातल्या चौघांनी पहिल्या ओळीत कॉनिओ डॉट एच लिहिलं, लाल अक्षरं आली, आणि त्या लाल अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायची सवयच नसल्याने चौघंही तिथेच अडकले. चौघांना प्रॅक्टिकलमध्ये माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. एकजण आता मोबाइलच्या दुकानात कामाला लागलाय, हुशार आहे हो तो, गणितात माझ्यापुढे होता.

परीक्षकांना याला जास्त वेळ लागेल हेही खरंय. एका दिवसात एका परीक्षकाकडे किती मुलं याचा आकडा कमी करावा लागेल, भत्ता वाढवावा लागेल, स्लिपा दरवर्षी नव्या काढाव्या लागतील. स्लिपा काढायला मनुष्यबळ कमी पडत असेल तर पास होऊन गेलेल्या मुलांना विचारा, आमच्याकडे चुकांचा साठा आहे, मी माझी वही द्यायला तयार आहे.

माझी मावसबहीण या जूनमध्ये एफवायला ॲडमिशन घेतेय, हाच कोर्स, हेच विद्यापीठ. तिच्यासाठी म्हणून एक स्लिप मीच लिहून पाठवतेय, बघा वापरता आली तर:

"सोबत फॅक्टोरियल काढणारा प्रोग्राम दिला आहे. ५ आणि १२ ला तो बरोबर उत्तर देतो, १३ ला १९३२०५३५०४ देतो. हे उत्तर चूक आहे हे कॅल्क्युलेटर न वापरता कसं ओळखाल ते सांगा. प्रोग्राम दुरुस्त करा. इंटच्या जागी लाँग लाँग टाकून दुरुस्त केला असेल तर तो २० पर्यंत चालेल आणि २१ ला पुन्हा मोडेल, का ते सांगा, आणि वापरणाऱ्याने २१ टाकला तर तुमच्या प्रोग्रामने काय करायला हवं ते तुम्ही ठरवा आणि करून दाखवा. उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत दिलं तरी चालेल. पुस्तक जवळ ठेवता येईल."

आपली नम्र,
टीवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची एक विद्यार्थिनी